सोयाबीनची बीजपत्रे पाखरांनी खाल्ली, तर रोप जगते का?

शिप्राकाठ (इंदूर):
नमस्कार. आम्ही इंदुरात राहतो, पण वडिलोपार्जित शेत सांवेर तालुक्यात आहे. खरिपात सोयाबीन आणि रबीत हरभरा, असा तेथील नेहमीचा फेर. यंदा सोयाबीन जमिनीबाहेर येत असतानाच बांधाकडच्या ओळींवर होले आणि पारवे उतरले. काही रोपांना एकच दल (बीजपत्र) उरले आहे, काहींची दोन्ही दले जाऊन मधला कोवळा शेंडा तेवढा शाबूत आहे, तर काही ठिकाणी नुसता पांढुरका देठ उभा आहे. शेजारचे काका म्हणतात की दले गेली म्हणजे रोप गेले, तेव्हा वखर फिरवून दुबार पेरणी करावी. बियाण्याचा भाव पाहता तसे करण्यास मन धजत नाही. ही दले खरोखर रोपासाठी नेमके काय करतात, आणि हरभऱ्याला हा त्रास कधीच कसा होत नाही, हे कोणी जाणकार सविस्तर सांगतील का?

काळीमाती:
काकांचे म्हणणे सरसकट खरे नाही. आपण वर्णन केलेल्या तिन्ही प्रकारच्या रोपांचे भवितव्य वेगवेगळे आहे.

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते आणि हा जवळजवळ सगळा साठा त्या दोन बीजपत्रांतच असतो. दाणा आपल्या वजनाच्या साधारण निम्मे पाणी शोषून घेतो, तेव्हा विकरे कामाला लागतात. प्रथिनांची अमिनो आम्ले होतात, तेलाचे शर्करेत रूपांतर होते आणि ही शिदोरी मुळाकडे व शेंड्याकडे जाऊ लागते. रोप वर आल्यानंतरचे पहिले आठ-दहा दिवस ते मुख्यतः यावरच वाढते आणि तेवढ्या काळात बीजपत्रांचे सुमारे ७० टक्के शुष्क वजन खर्ची पडते. बाहेर आल्यावर ती हिरवी होऊन थोडेफार अन्न तयारही करतात, पण सोयाबीनमध्ये ते काम दुय्यम होय. प्रथिनांच्या साठ्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. मुळांवरच्या गाठी नत्र बांधू लागण्यास दोन-तीन आठवडे लागतात आणि तोवर कोवळ्या रोपाची नत्राची गरज बीजपत्रे बऱ्याच अंशी भागवतात.

आता आपल्या ओळींकडे येऊ. एक बीजपत्र गेल्याने वाढीत फारसा फरक पडत नाही. उगवताच दोन्ही गेली आणि शेंडा शाबूत राहिला, तर रोप काही दिवस खुरटते, पण मरत नाही; अशा वेळी उत्पादनात ८ ते ९ टक्के घट आढळलेली आहे. बीजपत्रे जेथे जोडलेली असतात त्या पेराच्या बगलेत दोन सुप्त डोळे असतात. त्यामुळे शेंडा खुडला गेला, पण ते पेर वाचले, तरी तेथून नवे फुटवे निघू शकतात. मात्र त्या पेराच्या खाली देठ तुटला असेल, तर खालच्या भागात एकही डोळा नसतो. नुसता पांढुरका देठ उरलेली रोपे तेवढी गेली असे समजावे.

दुबार पेरणीचा निर्णय याच मोजणीवर घ्यावा. ओळीतील एकेक मीटर अंतर चार-सहा ठिकाणी मोजून केवळ मेलेली रोपे वजा करावीत. सोयाबीन मोकळ्या जागेत फांद्या काढून बरीच भरपाई करते, म्हणून विरळ झालेली ओळ लगेच मोडू नये. फार तर बांधाकडचे मोकळे पट्टे हाताने टोकून घ्यावेत, वखराची घाई नको.

प्रयोगवही:
हरभऱ्याबद्दल लिहितो, कारण तो भाग वर राहून गेला आहे. सोयाबीनमध्ये बीजपत्रांच्या खालचा देठाचा भाग लांबतो, आकड्यासारखा वाकतो आणि दोन्ही जाड दलांना मातीतून वर ओढतो. मूग, उडीद, चवळी यांचेही तसेच. हरभरा, वाटाणा, मसूर आणि तूर यांच्यात मात्र बीजपत्रांच्या वरचा भाग लांबतो, त्यामुळे दले जमिनीतच राहतात आणि वर येतो तो केवळ बारीक कोंब. पाखरांनी किंवा थंडीने तो कोंब मारला, तरी साठा आणि बगलेतले डोळे मातीखाली सुरक्षित असल्यामुळे दुसरा कोंब फुटतो. आपल्या माळव्यात हरभरा ओलीच्या शोधात ८ ते १० सेंमी खोल पेरता येतो आणि सोयाबीन ३ ते ४ सेंमीपेक्षा खोल टाकू नये म्हणतात, त्याचेही मोठे कारण हेच आहे.

घरी मुलांना दाखवायचे असेल, तर एका कुंडीत मूग आणि एका कुंडीत हरभरा लावावा. पण माझ्या मते त्याहून मजेशीर बी भोपळ्याचे. देठाच्या तळाशी एक लहानशी खुंटी तयार होते, ती खालच्या टरफलाला अडकवून धरते आणि वाकलेला देठ ताणला गेला की दोन्ही बीजपत्रे टरफलातून बाहेर सरकतात. बी अगदी वरवर पेरले, तर ही युक्ती नीट साधत नाही आणि टोपी घातल्यासारखे टरफल डोक्यावर घेऊनच रोप उभे राहते. शिवाय भोपळ्याची बीजपत्रे सोयाबीनसारखी केवळ कोठारे नसतात. ती पसरून मोठी होतात आणि पानांचे काम पुष्कळ दिवस करतात, म्हणून ती लाल भुंगेऱ्यांनी खाल्ली, तर वेलाचे नुकसान मोठे होते.

शिप्राकाठ (इंदूर):
दोघांचेही आभार. आज मोजणी केली. नुसते देठ उरलेली रोपे बांधालगतच्या पट्ट्यातच अधिक आहेत, तेवढा भाग टोकून घेणार आहे. एक उपप्रश्न: दले मोठी म्हणजे साठा जास्त, तर मग टोकण्यासाठी टपोरे दाणे निवडून घ्यावेत का?

काळीमाती:
आपल्या जमिनीत तरी नको. पावसानंतर कडक ऊन पडले की काळ्या मातीवर पापडी धरते आणि टपोऱ्या दाण्याची रुंद दले वर ओढताना वाकलेला देठ जाड होऊन अडकतो, कधी मोडतोही. मध्यम, एकसारखा आणि न फुटलेला दाणा घ्यावा. सोयाबीनचे टरफल पातळ असल्याने मळणीत व पोती आपटण्यात दलांना तडे जातात, ते वरून दिसतातच असे नाही. म्हणून १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आधी उगवण पाहावी. प्रमाणित बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवण धरलेली आहे, परंतु मोजताना केवळ मूळ फुटले एवढ्यावर दाणा चांगला ठरवू नये. ज्या अंकुराच्या बीजपत्रांचा निम्म्याहून अधिक भाग तुटलेला किंवा कुजलेला आहे, तो बियाणे परीक्षणातही सामान्य अंकुर म्हणून मोजत नाहीत.