'मी जपून वापरतो' हे मालवेअरवरचं उत्तर आहे का?

अनुस्वार

काल जुन्या पीसीच्या धाग्यावर टर्मिनलवाला यांनी लिहिलं: "डेस्कटॉपवर मालवेअरची भीती हा अँटिव्हायरस कंपन्यांनी जिवंत ठेवलेला धंदा आहे. मी पंधरा वर्षं काहीही न लावता मशीन वापरतो, एकदाही व्हायरस आला नाही. डोकं वापरा, बस्स." खाली दहा-बारा जणांनी +१ दिलं. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

एकदाही आला नाही, हे तुम्हाला कळलं कसं? कॅस्केड या जुन्या व्हायरसमुळे स्क्रीनवरची अक्षरं खाली गळून पडायची. २००३ साली ब्लास्टर आला की साठ सेकंदांत मशीन बंद होणार अशी पाटी यायची. तेव्हा कळायचं. आताचा इन्फोस्टीलर, म्हणजे माहिती चोरणारा मालवेअर, जेमतेम मिनिटभर चालतो. ब्राउझरच्या प्रोफाइलमधल्या कुकीज (तुमचं लॉग-इन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) आणि साठवलेले पासवर्ड उचलतो, पाठवून देतो, आणि बरेचदा स्वतःला पुसून टाकतो. मशीन मंद होत नाही, पंखा घुमत नाही. २०२५ च्या मे महिन्यात लुमा नावाच्या अशाच स्टीलरची यंत्रणा मोडली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने दिलेला आकडा होता दोन महिन्यांत ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज मशीन्स. यातल्या बहुतेकांनी आदल्या दिवशी विचारलं असतं तर "मी जपून वापरतो" असंच सांगितलं असतं.

माझा धाकटा भाऊही तेच सांगायचा. एका ऑडिओ प्लगइनची क्रॅक, म्हणजे पैसे न देता चालणारी चोरटी प्रत, उतरवली. झिप फाइलला पासवर्ड होता, म्हणजे स्कॅनरला आत बघताच येऊ नये. पानावर सूचना होती की "अँटिव्हायरस थोडा वेळ बंद ठेवा, तो चुकीचा इशारा देतो." त्याने बंद केला. दोन दिवसांनी त्याच्या मेलवर दुसरंच कुणी बसलेलं. ओटीपी आला नाही, कारण लागलाच नाही. चोरलेली कुकी आधीच लॉग-इन झालेली होती. त्याने घाबरून पासवर्ड बदलला, तोही त्याच मशीनवरून. तो पासवर्डही गेला. आठ वर्षांचा पत्रव्यवहार त्या खात्यात होता, ते परत मिळालंच नाही. तो क्लिक करणारा अडाणी नाही हो, मला कमांड लाइन त्यानेच शिकवली.

त्यामुळे "डोकं वापरा" हे वाक्य मला आता ऐकवत नाही.

टर्मिनलवाला

माझं अर्धंच वाक्य उचललंत. मी विंडोज नाही, लिनक्स वापरतो, हे पुढच्याच ओळीत होतं.

तुमच्या भावाचं वाईट वाटलं, खरंच. पण त्याच्याकडे अँटिव्हायरस होता आणि तो त्याने स्वतः बंद केला. म्हणजे मी म्हणतो तेच झालं, निर्णय माणसाचा होता.

अँटिव्हायरस म्हणजे काय, हेही बघा. मशीनवर सर्वांत जास्त अधिकार घेऊन चालणारा आणि बाहेरून आलेली प्रत्येक फाइल चाचपून पाहणारा प्रोग्रॅम. २०१६ मध्ये टॅव्हिस ऑर्मंडी या सुरक्षा संशोधकाने सिमँटेक या अँटिव्हायरस कंपनीच्या इंजिनातल्या चुका उघड केल्या. फाइल उघडायची गरज नव्हती, नुसती मेलने येऊन पडली तरी पुरे. पुढच्या वर्षी विंडोजसोबतच येणाऱ्या डिफेंडर अँटिव्हायरसच्या इंजिनातही तशीच चूक सापडली. अवास्ट ही अँटिव्हायरस कंपनी तर वापरणाऱ्यांचं ब्राउझिंग जंपशॉट या आपल्याच कंपनीमार्फत विकत होती. २०२० मध्ये ते बाहेर आलं, २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखणदारच घरातलं विकतोय. असला राखणदार मी ठेवत नाही, ठेवणारही नाही.

जुनी फ्लॉपी

टर्मिनलवाला यांना +१. २०१० च्या एप्रिलमध्ये मॅकॅफी अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट फाइल व्हायरस ठरवून उचलली आणि मशीन्स पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिली. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल गेली आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन्स निळ्या पडद्यावर अडकली.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे आणि ते मी प्रत्येक धाग्यावर मांडतो. विंडोज आजही फाइलचं एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटची, प्रकार सांगणारी अक्षरं) लपवतं! २००० साली मेलमधून येणारा आयलव्हयू व्हायरस पसरला, कारण लोकांना नावाच्या शेवटी टीएक्सटी दिसलं आणि त्यापुढचं व्हीबीएस, म्हणजे हा प्रोग्रॅम आहे हे, दिसलंच नाही. इतकी वर्षं गेली. विंडोज ११ नवीन टाका, तेच. माणसाने डोकं वापरायचं तर डोक्याला माहिती तरी मिळायला नको का? पीडीएफचं चित्र लावलेली ईएक्सई फाइल समोर ठेवायची, खरं नाव झाकायचं, आणि वर "तू क्लिक का केलंस?" म्हणून वापरणाऱ्यालाच दोष द्यायचा. याचा मला मनस्वी राग आहे.

रात्रपाळी

मालवेअरने माझं आजवर काही नेलेलं नाही. अपडेटने नेलं.

मी व्हिडिओचं काम करतो. नऊ तासांचं रेंडर (व्हिडिओची अंतिम फाइल बनवण्याचं काम) लावून झोपलो. सातव्या तासाला मशीनने परस्पर रीस्टार्ट घेतला. सकाळी उठून बघतो तर लॉग-इनचा पडदा. काम सकाळी दहाला द्यायचं होतं, नाही देता आलं, आणि तो माणूस पुन्हा माझ्याकडे आला नाही. त्या दिवशी अपडेटची सेवाच बंद केली. दोन वर्षं झाली, मशीन शांत आहे. सुरक्षेच्या नावाखाली माझंच मशीन माझ्या हातून काढून घेतात, त्यावर कुणी धागा का काढत नाही?

अनुस्वार

रात्रपाळी, दोन वर्षं? मग या धाग्यावर सर्वांत आधी काळजी तुम्ही करायला हवी.

वॉनाक्राय, म्हणजे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा रॅन्समवेअर, विंडोजच्या ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिली होती. हल्ला झाला १२ मे ला. जवळजवळ दोन महिने दुरुस्ती तयार पडून होती. ब्रिटनमधल्या रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. कुणी कशावर क्लिक केलं नव्हतं, मशीन चालू आणि नेटवर्कवर असणं एवढंच पुरे झालं. अपडेट बंद करून बसणारे तुमच्यासारखे लोक होते, म्हणून तो एवढा पसरला.

रात्रपाळी

"तुमच्यासारखे लोक" म्हणजे? मी रुग्णालय चालवत नाही. माझं मशीन राउटरच्या मागे आहे, बाहेरून त्या भोकापर्यंत कुणी पोचत नाही.

आणि इतिहासच काढायचा तर पूर्ण काढा. वॉनाक्रायनंतर दीडच महिन्यात, २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा मालवेअर आला. कुठून? युक्रेनमधल्या मेडॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. त्याच वर्षी सीसीक्लीनर या मशीन साफ करणाऱ्या प्रोग्रॅमची ५.३३ ही आवृत्ती अधिकृत साइटवरून, कंपनीच्या खऱ्या डिजिटल सहीनिशी गेली आणि आत मालवेअर. वीस लाखांहून जास्त लोकांनी ती घेतली. हे सगळे तुमचं ऐकणारे, वेळेवर अपडेट करणारे लोक होते.

पानगळ

दोघांचंही अर्धं-अर्धं बरोबर आहे, म्हणून मध्ये पडतेय. नॉटपेट्या अपडेटमधून आत आला हे खरं. पण आत आल्यावर तो शेजारच्या मशीन्सवर पसरला तो वॉनाक्रायच्याच भोकातून. शिवाय मेमरीतून पासवर्ड उचलून दुरुस्ती केलेल्या मशीनवरही शिरत होता. म्हणजे दुरुस्तीने काहींना वाचवलं, सगळ्यांना नाही.

राउटरचं म्हणाल तर तो बाहेरच्याला अडवतो. आतल्या नेटवर्कवर कुणी पाहुण्याने आपला लॅपटॉप जोडला तर राउटर काही करत नाही. ब्राउझरमधून जे स्वतः आत ओढून आणता, त्यालाही नाही. ब्राउझर तरी अपडेट होतो ना तुमचा?

रात्रपाळी

ब्राउझर होतो. तो माझं रेंडर मारत नाही.

टर्मिनलवाला

रात्रपाळी, याच कारणासाठी म्हणतो, लिनक्सवर या. अपडेट मी सांगेन तेव्हाच होतं. सगळं सॉफ्टवेअर डिस्ट्रोच्या (आपण घेतलेल्या लिनक्स-प्रकाराच्या) रेपॉझिटरीतून, म्हणजे अधिकृत कोठारातून, सही तपासून येतं. रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड दिल्याशिवाय सिस्टिमच्या फाइलला हात लागत नाही. यापलीकडे संरक्षण लागतंच कशाला?

अर्धविराम

मीही बारा वर्षं लिनक्सवरच आहे आणि हे वाक्य वाचून गप्प बसवत नाही.

रूटचा पासवर्ड कशाचं रक्षण करतो? सिस्टिमच्या फाइलचं. त्या पुन्हा टाकता येतात, अर्ध्या तासाचं काम. तुमचे फोटो, एसएसएच किल्ल्या (दूरच्या मशीनवर लॉग-इन करायच्या), ब्राउझरचं प्रोफाइल हे सगळं होम फोल्डरमध्ये तुमच्याच नावावर आहे. तुमच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्रॅम ते वाचू शकतो, पासवर्ड न विचारता. एक्स ११ या जुन्या खिडक्या-व्यवस्थेवर असाल तर दुसऱ्या खिडकीत टाइप केलेली अक्षरंसुद्धा. आणि रूटची भिंतही अभेद्य नाही. २०२२ च्या जानेवारीत पोलकिट या अधिकार तपासणाऱ्या प्रोग्रॅममधली जी चूक बाहेर आली, ती २००९ पासून तिथे होती आणि साध्या युजरला रूट करत होती.

सही तपासून म्हणता? २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंट या डिस्ट्रोची साइट फोडून डाउनलोडचा दुवा बिघडवलेल्या आयएसओकडे (इन्स्टॉल करायच्या फाइलकडे) वळवला होता. किती जण चेकसम (फाइल बदललेली नाही ना ते दाखवणारा आकडा) जुळवतात? जुलै २०२५ मध्ये आर्च या डिस्ट्रोच्या एयूआरवर, जिथे वापरणारेच पॅकेजं टाकतात, फायरफॉक्स, लिब्रेवुल्फ या ब्राउझरांच्या नावांनी पॅकेजं आली, आत दुरून मशीन चालवणारा ट्रोजन.

माझंच सांगतो. एका पानावरून एका ओळीची कमांड कॉपी केली, टर्मिनलमध्ये चिकटवली. पानावर एक ओळ दिसत होती, चिकटल्या तीन. शेवटी एंटरही होता, म्हणजे वाचायच्या आत चालूनही गेल्या. काय उतरलं ते नीट कळलं नाही. संपूर्ण मशीन पुसलं, दुसऱ्या मशीनवरून सगळ्या किल्ल्या बदलल्या, तीन दिवस गेले. "मी लिनक्सवर आहे" या भरवशावरच मी ती ओळ न वाचता चिकटवली होती.

टर्मिनलवाला

एयूआर म्हणजे डिस्ट्रोची रेपॉझिटरी नव्हे, तिथे पॅकेज वाचून घ्या असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आणि एक्सझेड या फाइल आवळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लपवलेल्या चोरदाराचं अजून कुणी काढलं नाही, ते मीच काढतो. २९ मार्च २०२४ ला पकडलं गेलं. डेबियन या डिस्ट्रोच्या स्थिर आवृत्तीपर्यंत पोचलंच नाही. आमची व्यवस्था चालते, याचा याहून चांगला पुरावा नाही.

अर्धविराम

एसएसएच लॉग-इनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे आंद्रेस फ्रॉइंड या एका माणसाला खटकलं आणि तो त्याच्या मागे लागला, म्हणून ते पकडलं गेलं. त्या आधी दोन वर्षं 'जिया तान' नावाने कुणीतरी त्या प्रकल्पात विश्वास कमावत होतं. याला व्यवस्था म्हणू नका. त्या माणसाचे उपकार म्हणा.

एवढं मात्र मान्य करतो की तिथे कुठल्याही स्कॅनरने काही पकडलं नव्हतं. सोर्स उघडा नसता तर फ्रॉइंडलाही मूळ सापडणं कठीण होतं.

जुनी फ्लॉपी

ही चर्चा जाणत्यांची चालली आहे. ज्याला एक्स्टेन्शन दिसत नाही, तो चेकसम कुठून जुळवणार? हल्ली तर खोट्या कॅप्चाची पानं निघाली आहेत. "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर." कमांड पानाने आधीच क्लिपबोर्डवर ठेवलेली असते. अर्धविरामांसारख्या बारा वर्षं मुरलेल्या माणसाची चिकटवताना चूक होते, तर साध्या माणसाचं काय?

आणि हे लिहिताना मला माझंच आधीचं मत बदलावं लागतंय. अशा माणसाच्या मशीनवर डिफेंडर चालू असलेलाच बरा.

नवखा_८

विंडोज १० वाल्यांनी काय करायचं? माझं मशीन ११ घेत नाही.

पानगळ

१४ ऑक्टोबर २०२५ ला नेहमीचा पाठिंबा संपला. मुदतवाढीच्या सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा, नाहीतर त्या मशीनवर लिनक्स टाका. यात मी टर्मिनलवाल्यांच्या बाजूने आहे.

अनुस्वार

रात्रपाळी, "तुमच्यासारखे" हा शब्द मागे घेते. रागात लिहिला गेला. काम हातचं गेल्यावर मीही तेच केलं असतं.

पण टर्मिनलवाला, माझा प्रश्न तसाच राहिला. विकतचे सूट घ्या असं मी कुठेही म्हटलेलं नाही. विंडोजवर जे आहे ते चालू ठेवा, कुणी "थोडा वेळ बंद करा" म्हणालं की तिथेच थांबा, आणि महत्त्वाच्या फाइलची एक प्रत अशा डिस्कवर ठेवा जी एरवी जोडलेली नसते, कारण रॅन्समवेअर जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतं. तुमच्यासाठी एवढंच सांगणं: तुमचं फायरफॉक्सचं प्रोफाइल दुसऱ्या युजरच्या खात्यात कॉपी करून उघडून बघा.

टर्मिनलवाला

बघितलं. साठवलेले पासवर्ड झाकणारा मुख्य पासवर्ड लावलेला नव्हता. सगळे पासवर्ड उघडे दिसले. पंधरा वर्षांत ही गोष्ट करून बघितली नव्हती, हे कबूल करतो. आता लावला. अँटिव्हायरसबद्दलचं माझं मत आहे तेच आहे.

अनुस्वार

मुख्य पासवर्डाने कुकीज झाकल्या जात नाहीत. त्याच कॉपीत बघा, मेल लॉग-इन झालेलं उघडेल.

टर्मिनलवाला

उघडलं.

रात्रपाळी

अपडेट चालू केलेत. रीस्टार्ट होऊ नये असे 'कामाचे तास' जास्तीत जास्त अठराच लावता येतात, म्हणजे नऊ तासांचं रेंडर त्यात बसतं, चोवीस तासांचं बसत नाही. मोठ्या कामाआधी अपडेट काही आठवडे थांबवून ठेवायची सोय आहे, ती वापरेन. पण परस्पर रीस्टार्ट करण्याचा अधिकार मायक्रोसॉफ्टला कुणी दिला, याचं उत्तर इथे अजून कुणीही दिलेलं नाही.