गावात हार्टचं शिबीर घ्यावं का दुसरं काही करावं?

डोंगरपट्टा_बीड:
राम राम मंडळी. गाव धारूर तालुक्यातलं, दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. यंदा गावातली दोन माणसं हार्टअटॅकनं गेली, एक तर पन्नाशीच्या आतला, छातीत जळजळायलंय म्हणून सोडा पिऊन झोपला ते झोपलाच. आता पोरं म्हणायलेत वर्गणी काढून शिबीर घेऊ. पण मागं एका खाजगी दवाखान्यानं घेतलं होतं तवा बॅनर लागलं, फोटो झाले, बीपी निघालेल्यांना चार-पाच दिवसाच्या गोळ्या दिल्या न गाडी गेली. मंग पैसे कशात घालावेत?

उपकेंद्रवाली_ताई:
दादा, मी सीएचओ, म्हणजे उपकेंद्रातली आरोग्य अधिकारी आहे, शेजारच्या जिल्ह्यात. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर उपकेंद्रात फुकटच बघतात, आशाताई घरोघर जाऊन फॉर्म भरते. खरं दुखणं गोळी चालू राहण्याचं आहे. माणूस टोळीबरोबर कारखान्यावर गेला की नेलेल्या गोळ्या संपतात, तिथल्या कोपीपासून, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीपासून, आरोग्य केंद्र लांब, दवाखान्यात जावं तर खाडा पडतो न मुकादम पैसे कापतो, मंग बरं वाटायलंय म्हणून गोळीच सोडून देतेत. आम्ही टोळ्या निघायच्या आधी बीपीवाल्यांची यादी काढतो, जास्तीच्या गोळ्या आधीच मागवून ठेवतो आणि गोळीचं नाव, डोस न शेवटचं रीडिंग एका कार्डावर लिहून देतो, म्हणजे तिकडच्या सरकारी केंद्रात नव्यानं सुरुवात करावी लागत नाही. वर्गणीतून चांगलं डिजिटल बीपी मशीन घ्या. दंडाला बांधायचं, मनगटाचं नको.

लातूरकर_77:
ताईचं बरोबर, पण अटॅक आला तर काय ते पण ठरवून ठेवा राव. आमच्याकडं आधी गाडी कुणाची, डिझेल कुणाचं यातच तास जातो. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला की 108 लावा न जिथं ईसीजी निघतो तिथं आधी न्या. रक्ताची गुठळी विरघळायचं इंजेक्शन जितकं लवकर बसल तितकं हृदय वाचतं, अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची तुंबलेली नळी उघडणं, नंतर मोठ्या गावात होते. पैशाला घाबरू नका, महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखापर्यंत आहे, दवाखाना योजनेतला पाहिजे फक्त. 155388 वर विचारा, राशनकार्ड न आधार हाताशी ठेवा.

अंबाजोगाईची_सून:
बायकांचं कोण बघणार? तपासणी ठेवता सकाळी अकराला, तवा आम्ही खुरपायला. रात्री आठला देवळाच्या पारावर ठेवा, किती बाया येतेत बघा. आणि बाईला दरवेळी छातीतच दुखंल असं नाही, जबडा, पाठ, मळमळ, नुसती धाप लागती, घरचे म्हणतेत पित्त झालं. त्यात मिश्री! तंबाखू खाऊ नको म्हणणारा नवरा मिश्रीच्या डबीला काही म्हणत नाही, तीबी तंबाखूच की.

डोंगरपट्टा_बीड:
शिबीर कॅन्सल मंग. दसऱ्याआधी यादी करतो. पण मशीन ठेवावं कुणाकडं, आशाताईच्या डोक्यावर आधीच लई कामं हायेत.

उपकेंद्रवाली_ताई:
दूध डेअरीवर ठेवा, दोन टाइम सगळं गाव तिथंच असतं. फक्त कॅन उचलून आलेल्याचं लगेच मोजू नका, पाच मिनिटं बसवा न मंग पट्टा बांधा. 140/90 च्या वर आलं तर माझ्यासारखीकडं पाठवा, दुसऱ्या दिवशी परत बघून मंग ठरवतो.