वचन पाठ करा, पण मागच्या ओळींसकट
'शब्बाथ शाळेत (चर्चमधल्या मुलांच्या साप्ताहिक बायबल वर्गात) दर आठवड्याला एक सुवर्णवचन, म्हणजे पाठ करायचं बायबलमधलं वचन, पाठ करून घ्यावं' अशी एक सूचना आहे, तिला ही एक जोड. फिलिप्पैकरांस 4:13 घ्या, म्हणजे बायबलच्या नव्या करारातल्या प्रेषित पौलाच्या पत्रातलं वचन: मला सामर्थ्य देणाऱ्याच्या साहाय्याने मी सर्व काही करू शकतो. सुटं पाठ झालं की मुलं ते परीक्षेच्या पॅडवर चिकटवतात, म्हणजे पहिला नंबर पक्का! म्हणून आधी 10 ते 13 ही वचनं सलग मोठ्याने वाचून घ्या. पौल बंदिवासात आहे. पोट भरलेलं असो की उपाशी, समाधानी राहायला शिकलो, असं सांगतोय. मग विचारा, इथे 'सर्व काही' म्हणजे काय? उत्तर मुलांनी 11-12 मधूनच शोधायचं. पाठांतर सगळ्यात शेवटी. नव्या करारातले आजचे वचनांक मुळात 1551 मध्ये रोबेर एतिएन या मुद्रकाने घातले. पौलाने पत्र सलगच लिहिलं होतं.