एकच प्रमोटर, एकच जीएफपी, तरी टर्मिनसजवळ उजेड सहापट कमी

प्रश्न (एमएस्सी मायक्रो, सोलापूर)
ई. कोलाय एमजी1655 (के-12 कुळातला प्रयोगशाळेतला जीवाणू) मध्ये एकच जीएफपी कॅसेट (चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक आणि ते वाचायला सुरुवात करून देणारा प्रमोटर) गुणसूत्रावर दोन जागी बसवली: एका स्ट्रेनमध्ये एटीटी-टीएन7 ला (टीएन7 हा उडता डीएनए जिथे शिरतो ती जागा), दुसऱ्यात डिफच्या अलीकडे, म्हणजे टर्मिनसजवळ, जिथे गुणसूत्राची नक्कल संपते. सीक्वेन्स तपासलाय, म्युटेशन नाही. एलबी (पोषक माध्यम), 37 अंश, दुपटीचा काळ 25 मिनिटं. ओडीने (कल्चरचा गढूळपणा, म्हणजे पेशी किती त्याचं माप) भागल्यावर टर्मिनसवाल्याचा उजेड सहापट कमी. हा सगळा फरक जनुकाच्या प्रतींचा धरायचा का?

उत्तर 1
सगळा नाही. एटीटी-टीएन7 ही जागा गुणसूत्राच्या नकाशावर 84 मिनिटांवर (हे अंतराचं एकक, वेळेचं नाही), म्हणजे ओरिसीच्या, नक्कल जिथून सुरू होते त्या जागेच्या, उंबरठ्यावरच. पूर्ण गुणसूत्राची नक्कल व्हायला साधारण 40 मिनिटं लागतात, पेशी मात्र 25 मिनिटांत दुप्पट होतात; म्हणून पहिली नक्कल संपण्याआधीच पुढची सुरू होते आणि ओरिसीजवळच्या प्रती जास्त असतात. ओरिसी-टर्मिनस प्रतींचं गुणोत्तर 2 चा 40/25 वा घात, म्हणजे 3. उरलेली दुप्पट शेजारच्या डीएनएची.
क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती मोजायची पद्धत) लावून बघा की. ओडी 0.2 ला नमुना काढून थेट बर्फात घाला. बाकावर रेंगाळला तर नकलेच्या चालू फेऱ्या पुऱ्या होतात आणि गुणोत्तर उतरतं. कॅलिब्रेटर म्हणून त्याच स्ट्रेनचं रात्रभर वाढवलेलं कल्चर घ्या, त्यात गुणोत्तर 1 च्या आसपास असतं. ते नसेल तर दोन प्रायमर जोड्यांच्या क्षमतेतला फरकच तुम्ही मोजत बसाल. डेल्टा-डेल्टा सीटी (कॅलिब्रेटरच्या तुलनेत दोन जागांमधला फरक, दुपटींच्या संख्येत) 1.6 च्या जवळ आला की तिप्पट पक्की.

उत्तर 2
टर्मिनस दबलाय असं गृहीत धरू नका, टीएन7 वाल्याचाच उजेड फुगलेला असू शकतो. टीएन7 जीएलएमएस या जनुकाच्या स्टॉप कोडॉनपुढे 25 बेसवर, त्याच्या टर्मिनेटरमध्येच (वाचन थांबवणाऱ्या तुकड्यात) शिरतो. कॅसेटची दिशा जीएलएमएसचीच असेल तर तिथून वाचत आलेला पॉलिमरेज (जनुक वाचणारं एन्झाइम) जीएफपीत घुसतो. प्रमोटर काढलेली कॅसेट दोन्ही जागी बसवा आणि तिचा उजेड वजा करा. हे कंट्रोल लोक हमखास गाळतात.
खरी दडपणूक असेल तर एटी-बहुल भागावर बसून जनुकं दाबणाऱ्या एच-एनएस या प्रथिनाचा संशय घ्या. के-12 मध्ये निव्वळ जागेमुळे सुमारे 300 पट फरक 2014 सालीच दाखवला गेलाय, त्यापुढे तुमची दुप्पट किरकोळ.

उत्तर 3
शेकर इनक्युबेटरला कूलिंग आहे का ओ? सोलापुरात मे महिन्यात खोलीच 42 वर जाते, मग 37 चा आकडा नुसता सेटिंगपुरता. तापमान चढलं की वाढीचा वेग बदलतो आणि एच-एनएसची पकडही सैल होते. फ्लास्कमध्येच थर्मामीटर बुडवून बघा. आणि एम9-ग्लुकोज या साध्या माध्यमात, जिथे वाढ संथ होते, एकदा वाढवा: दुपटीला 60 मिनिटं लागली तर प्रतींचा वाटा 1.6 पटीवर येतो.

प्रश्नकर्ता
कूलिंग नाही. कॅसेट जीएलएमएसच्याच दिशेने आहे, आणि तिच्या अलीकडे टर्मिनेटर घातलेला नाही.

उत्तर 2
मग क्यूपीसीआर नंतर. आधी कॅसेटच्या अलीकडे आरआरएनबी टी1 हा टर्मिनेटर घाला.