आजारी पडला म्हणजे आळशी होता?

रातपाळी (धागाकर्ती)
गेल्या आठवड्यातला ‘शरीर हा शिस्तीचा आरसा’ हा लेख बऱ्याच जणांनी वाचला असेल. पहाटे पाचला उठा, दहा हजार पावलं चाला, तीन लिटर पाणी प्या, साखर बंद करा, एकवीस दिवस रेटा की सवय लागते. इथवर मी काही बोलले नसते. शेवटचं वाक्य मात्र डोक्यात गेलं: ‘पन्नाशीत ज्यांना गोळ्या लागतात त्यांनी तिशीत आळस केलेला असतो.’

मी नर्स आहे, सोळा वर्षं वॉर्डात. परवा रात्री एक चौतीस वर्षांची मुलगी खाटेवर बसून मोबाइलवर हाच लेख वाचत होती. मला म्हणाली, “सिस्टर, माझंच चुकलं ना?” तिला नवव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह आहे. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तिच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने मारल्या. नऊ वर्षांच्या पोरीने कसला आळस केला होता? ज्यांनी त्या लेखाखाली ‘अगदी खरं’ म्हणून लिहिलंय, त्यांनी मला एवढं सांगावं.

पहाटे पाचचं म्हणाल, तर त्या वेळी मी रक्ताचे नमुने घेत असते. घरी येऊन खिडकीला काळी चादर अडकवून झोपते आणि चार तासांत जाग येते. शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं आणि २०१९ साली ते कायम ठेवलं. आमच्यातलं कुणी पुढे आजारी पडलं, तर त्यालाही आळशीच म्हणणार का?

पहाटवारा
ताई, त्या मुलीबद्दल वाईट वाटलं. पण एका मुलीवरून सगळ्यांना सूट देऊ नका. टाइप १ थोड्यांना होतो. बाकीचे बहुतेक टाइप २ वाले असतात आणि मी त्यातलाच एक आहे.

सत्तेचाळीसाव्या वर्षी माझं एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी, ८.४ आलं. नऊ महिन्यांनी ६.२. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे हा आकडा दोन-तीन महिन्यांचा हिशेब दाखवतो. तपासणीच्या आदल्या दिवशी उपाशी राहून तो फसत नाही. मी काय केलं? साखर सोडली. रात्रीचं जेवण साडेसातला संपवलं. प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललो, आठवड्यातून दोनदा वजनं उचलली. ताटात अर्धी जागा भाजीला. एक दिवस चुकवला नाही. याला शिस्त नाही तर काय म्हणायचं? ‘परिस्थिती, परिस्थिती’ करत बसलो असतो तर आज गोळ्यांचा डबा मोठा झाला असता.

मोजपट्टी
दोघांच्याही बाजूने थोडं बोलतो, म्हणजे दोघंही चिडतील.

दहा हजार पावलांचा आकडा दवाखान्यातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचं मीटर’ असा होता. २०१९ मध्ये सोळा हजारांवर वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्यूदर २,७०० वाल्यांपेक्षा स्पष्ट कमी होता, आणि ७,५०० च्या आसपास फायदा वाढायचा थांबला. एकवीस दिवसांचंही तसंच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर अभ्यास झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. म्हणजे पहाटवारा, ‘एक दिवस चुकवला नाही’ हा तुमचा अभिमान तुमच्यापाशी ठीक आहे. नवीन माणसाला तो सांगू नका. बाविसाव्या दिवशी सवय लागलेली नसते आणि तो स्वतःला नालायक ठरवून सगळंच सोडून देतो.

आता शिस्तीबद्दल. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना महिनाभर ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात प्रक्रिया केलेलं खाणं, दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या जेवणात उष्मांक, साखर, मीठ, तंतू यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखं, आणि हवं तेवढं खायची मुभा. पाकिटातल्या खाण्यावर तीच माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. तीच माणसं! दोन आठवड्यांत त्यांची शिस्त कुठे पळाली?

ओट्यापाशी
पहाटवारा, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. ‘साखर सोडली’, ‘जेवण साडेसातला संपवलं’, ‘ताटात अर्धी जागा भाजीला’. एक विचारते. ती भाजी कोणी निवडली, कोणी चिरली, आणि साडेसातला ताटात पडावी म्हणून सहाला ओट्यापाशी कोण उभं होतं?

पहाटवारा
याचा इथे काय संबंध? विषय आरोग्याचा आहे. प्रत्येक धाग्यावर हे नवरा-बायको आणलंच पाहिजे का? माझी बायको आनंदाने करते. आमच्या घरात डोकावायचं कारण नाही.

ओट्यापाशी
संबंध आहे म्हणून विचारलं. माझ्या सासऱ्यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा डॉक्टरांनी एक कागद दिला. तेल कमी, मीठ कमी, दोन वेळा फळ. कागद सासऱ्यांच्या नावाचा होता आणि अडकवला गेला तो स्वयंपाकघरात, माझ्या डोळ्यांसमोर. अकरा वर्षं त्यांचं वेगळं, मुलांचं वेगळं, बाकीच्यांचं वेगळं शिजवलं. ‘बाबांनी किती संयम ठेवला’ असं सगळे म्हणायचे. ठेवलाही, नाही म्हणत नाही. पण त्या अकरा वर्षांत मी संध्याकाळी चालायला गेले नाही, कारण चालायची वेळ आणि फोडणीची वेळ एकच होती. आज माझे गुडघे आणि रक्तदाब दोन्ही बोलतात. तिशीत मी आळस केला का?

एकटा_जीव
ओट्यापाशीताईंचा राग समजतो, पण सगळ्या पुरुषांना एका माळेत ओवू नका. मी एकटा राहतो, स्वतः शिजवतो, भांडी स्वतः घासतो. कामावरून नऊला आल्यावर भाजी चिरायचं त्राण नसतं. रविवारी तीन डबे भरून ठेवतो, बुधवारनंतर पाकीट फोडतो. मला कुणी टोमणा मारू नये आणि कौतुकही नको.

थोरला
अवांतर होतंय असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे, मला हाच मुद्दा महत्त्वाचा वाटतो.

वडिलांचा रक्तदाब वाढला तेव्हा आई आजारी होती, म्हणून स्वयंपाक माझ्याकडे आला. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा. ऐकून सोपं वाटलं. मी सकाळी तिघांचे तीन चमचे एका वाटीत काढले आणि ठरवलं, दिवसभर जे काही शिजेल त्यात मीठ याच वाटीतलं. पहिल्या दिवशी दुपारी एकला वाटीचा तळ दिसला. अजून रात्रीचं जेवण बाकी होतं, आणि पाकिटातल्या पदार्थांतलं मीठ तर या वाटीत धरलंच नव्हतं. संध्याकाळपर्यंत वाटी पुरायला मला दोन महिने लागले. लिंबू, लसूण, मिरपूड, भाजून घेतलेलं जिरं यांनी पुष्कळसं भागतं. हे ओट्यापाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. वडील नुसते जेवत होते. त्यांना यातलं काहीच कळलं नाही, आणि आकडा उतरला तेव्हा शाबासकी त्यांनाच मिळाली.

मनोबल
सगळे जेवणातच अडकलात. मूळ लेखात मनाचंही होतं. २००७ साली हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या ८४ स्त्रियांचा अभ्यास झाला. निम्म्यांना सांगितलं, तुम्ही करता ते काम म्हणजेच चांगला व्यायाम आहे. चार आठवड्यांनी त्यांचं वजन आणि रक्तदाब थोडा उतरला, बाकीच्यांचा नाही. मन बदललं की शरीर बदलतं.

ओट्यापाशी
म्हणजे मी वाकून लादी पुसते तोच व्यायाम समजू? पगार वाढवू नका, विश्रांती देऊ नका, फक्त कामाला व्यायाम म्हणा?

मनोबल
मी असं म्हटलेलं नाही. शब्द माझ्या तोंडी घालू नका.

मोजपट्टी
मनोबल, चार आठवड्यांच्या एका छोट्या अभ्यासावर एवढी इमारत उभी राहत नाही. माणसांच्या सोबतीचं म्हणाल तर तिथे पुरावा भक्कम आहे. २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तीन लाखांवर लोक. ज्यांची नाती घट्ट, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. एकटा_जीव, हे तुम्हाला उद्देशून नाही.

एकटा_जीव
मलाच उद्देशून आहे आणि मला ते माहीत आहे. बुधवारी बहिणीला फोन करतो. तेवढं जमतं.

रातपाळी
मी सुरू केलं कुठून आणि आलो कुठे. तरी थांबवत नाही, कारण ओट्यापाशींनी माझाच मुद्दा पुढे नेला. पहाटवारा, तुमचं ६.२ मी कमी लेखत नाही. वॉर्डात असे आकडे आणणारे फार थोडे दिसतात. जेवणानंतरचं चालणं, वजनं उचलणं, दोन्ही अगदी योग्य. माझं म्हणणं इतकंच, की ज्याच्या मागे कुणी उभं नाही त्याला तुमच्या आकड्याने झोडपू नका.

पहाटवारा
काल रागात लॅपटॉप बंद केला. रात्री बायकोला विचारलं, माझं पथ्य सुरू झाल्यापासून तुझं काय बदललं? ती म्हणाली, “तुमचं साडेसातला, मुलं शिकवणीहून आली की त्यांचं नऊला, आणि माझं उरेल ते दहाला.” उभ्यानेच खाते. हे मला दिसत होतं, पण मी कधी पाहिलं नव्हतं. तिची शेवटची रक्ततपासणी कधी झाली हे आम्हा दोघांनाही आठवेना. फायली काढल्या. चार वर्षांपूर्वीचा कागद निघाला.

ओट्यापाशी, तुमची विचारायची पद्धत मला आवडली नाही, आजही आवडलेली नाही. मुद्दा मात्र खोडता येत नाही. शिस्त लागते हे मी सोडणार नाही. ती माझ्या एकट्याची नव्हती, एवढं मान्य.

ओट्यापाशी
पद्धत आवडावी म्हणून लिहिलं नव्हतं. तपासणी कधी?

पहाटवारा
शनिवारी सकाळी. बारा तास उपाशीपोटी जायचं आहे. परत आल्यावर तिला गरम जेवण द्यायचं आणि नंतरही आठवड्यातून चार संध्याकाळी मीच करायचं, असं ठरलंय. थोरला, तुमची वाटी तिघांची होती. आम्ही चौघं, त्यात दोन मुलं, दहा आणि तेरा वर्षांची. किती चमचे काढू?

थोरला
मोठ्यांचे दोन सपाट छोटे चमचे. मुलांना मोठ्यांपेक्षा कमी, त्यांच्या खाण्याच्या प्रमाणात. पाकिटातलं काही खाणार असाल तर त्या दिवशी वाटीतलं मीठ आधीच कमी करा. आणि मीठ गॅस बंद केल्यावर शेवटी घाला, कमी लागतं.