मदत हवी आहे: पाऊस गेल्यावर बागेत पिवळं पडणं कुठवर साहजिक?

नमस्कार मंडळी. गाव गुहागर तालुक्यात, जांभ्याची जमीन. यंदापासून आम्ही सासूबाई-सासऱ्यांसोबत इथेच राहतो, त्यामुळे घरामागची बाग माझ्याकडे आली आहे. परतीचा पाऊस थांबला, ऑक्टोबर हीट सुरू झाली आणि सगळीकडे एकदम उतरती कळा. पडवळ-दोडक्याचे वेल मांडवावरच वाळले, तेरडा संपला, सुरणाचे दांडे लोळले. त्यांचा हंगाम सरला, एवढं मलाही कळतं. पुढच्या गोष्टींचं मात्र कळत नाही.

हळद मेअखेरीस लावली होती. न्हाणीचं पाणी जातं त्या बाजूच्या वाफ्यातली पानं कडेने पिवळी होत पार देठापर्यंत गेलीत. सासूबाई म्हणतात, "अगो, हळद तयार झाली की पिवळी पडायचीच." पण गडग्याकडची (दगडी कुंपणाकडची) ओळ त्याच दिवशी लावलेली, ती अजून हिरवीगार!

हापूसच्या मोठ्या कलमाला अर्ध्या अंगाला तांबूस, लुसलुशीत पालवी फुटली आहे. शेजारचे काका सांगतात, आत्ताच खत-पाणी दे, मोहोर भरघोस येईल. देऊ का?

आणि शेवंती. झाड छान भरलंय, कळी एकही नाही. पलीकडच्या वाडीत त्याच रोपांना कळ्या लागल्यात. शेणखत दिलंय, ऊनही आहे. सुपारीचीही थोडी गळ आहे, पण ती दरवर्षीचीच म्हणतात.

रानमोडी:
ताई, आधी हळदीचं बघा. मेअखेरची हळद ऑक्टोबरात तयार होत नाही, तिला आठ-नऊ महिने लागतात. पाला वाळायचा तो जानेवारीच्या सुमारास, आणि तेव्हा सगळा वाफा साधारण एकदमच पिवळा होतो. तुमच्याकडे पाणी साचतं तेवढाच भाग गेलाय, म्हणजे कंदकूज वाटते. पिवळ्या खोडाला जमिनीलगत धरून हलकेच ओढा. सहज हातात आलं, बुंधा पिचपिचीत लागला आणि कुजका वास आला तर शंका नको. तसले गड्डे उपटून बागेबाहेर न्या, खतखड्ड्यात अजिबात टाकू नका. न्हाणीचं पाणी चर काढून दुसरीकडे वळवा, ते वळलं नाही तर औषधाचा उपयोग नाही. उरलेल्या झाडांच्या बुंध्याशी कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक ओता, लिटरभर पाण्याला अडीच ते तीन ग्रॅम. पुढच्या वर्षीचं बियाणं गडग्याकडच्या ओळीतलंच ठेवा.

चिरेबंदी:
आंब्याला आत्ता खत-पाणी? काकांना माझा नमस्कार सांगा, पण देऊ नका. मोहोर यायला झाडाला ताण लागतो, जमीन सुकावी लागते, वर थंडी पडावी लागते. आत्ता पाणी आणि युरिया दिलात तर उरलेल्या अर्ध्या अंगालाही पालवीच फुटेल. परतीचा पाऊस लांबला की कोकणात हे होतंच. नव्या पालवीची काडी पिकायला तीनेक महिने जातात, त्यामुळे त्या बाजूला मोहोर उशिरा येईल, कदाचित यंदा येणारही नाही. जुन्या पानांची बाजू थंडी पडली की मोहोरेल, यंदाची मदार तिच्यावर. पालवी खुडू मात्र नका. झाडाखाली उभं राहून फांदी हलवा. बारीक तुडतुडे टपटप उडाले आणि पानं चिकट लागली तर बंदोबस्त आत्ताच, कारण पुढे तेच मोहोरावर उतरतात. कुणी कल्टार (पालवीची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध) सुचवेल, पण ते पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास द्यायचं असतं. आता वेळ गेली.

सुपारीच्या गळलेल्या फळांवर पांढरी बुरशी असेल तर कोळेरोग, म्हणजे पावसाळ्यात फळं कुजवून गाळणारा रोग. आत्ता फळं वेचून जाळा. एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं) पुढच्या पावसाआधी घोसांवर फवारा.

रानमोडी:
शेवंतीचं विचारायचं राहिलं. रात्री तिच्यावर दिवा पडतो का?

धागाकर्ती:
पडतो! बिबट्याच्या भीतीने अंगणात रात्रभर मोठा एलईडी चालू असतो, शेवंती बरोबर त्याच्याखाली.

हळदीचं खोड ओढून पाहिलं. न्हाणीकडची चार-पाच अलगद हातात आली, वास तर विचारूच नका. चर आजच काढतेय. सासूबाई स्वतः येऊन वास घेऊन गेल्या, त्यानंतर विषय काढला नाही.

रानमोडी:
मग खताचा दोष नाही. शेवंतीला कळी धरायला लांब, काळोखी रात्र लागते. दिवा असला की तिच्या लेखी दिवस मोठाच. कुंडी असेल तर मागच्या पडवीकडे न्या, जमिनीत असेल तर दिव्याचं तोंड गोठ्याकडे फिरवा. कळ्या धरतील, पण दिवाळीला फुलं मिळणार नाहीत. यंदा झेंडूवर भागवा.

धागाकर्ती:
जमिनीत आहे, दिवा फिरवते. आणि सुरण लगेच काढू का?

चिरेबंदी:
दांडा पूर्ण वाळून गळू दे. तोवर गड्डा भरत असतो.