शब्दचर्चा : 'स्पेस'ला रिकामी जागा म्हणावं का?

विचारणा

गावच्या वाचनालयासाठी आम्ही दोघं जण वऱ्हाडातले शेतीचे शब्द टाईप करतो आहोत. एका पानावर 'पऱ्हाटी' (कपाशी) डोळ्यांना सात वेळा दिसते, शोधली तर चारच वेळा सापडते. कोणी तरी सांगितलं की न दिसणारी अक्षरं असतील, एडिटरमध्ये 'शो व्हाइटस्पेस' चालू करा. केलं. शब्दांमध्ये ठिपके आले, पण हरवलेल्या तीन पऱ्हाट्या काही मिळाल्या नाहीत. आणि हे टिपणात मराठीत लिहायचं कसं? 'रिकाम्या जागा दाखवा' चालेल का?

प्रतिसाद

भाऊ, आधी शब्दाचं बोलू. 'रिकामी जागा' मला पटत नाही. 'रिकाम्या जागा भरा' हे आपण शाळेपासून ऐकतो. म्हणजे जिथं काही असायला हवं आणि नाही, ती रिकामी जागा. कपाशी उगवली नाही की तासात नांग्या पडतात, त्या आपण भरतो. दोन शब्दांमधली स्पेस नांगी नाही, ती धुरा आहे, म्हणजे शेताचा बांध. धुऱ्यावर पीक नसतं म्हणून तो काही हरवलेला नसतो. तोच दोन वावरं वेगळी ठेवतो. संगणकालाही स्पेस हे एक अक्षरच आहे, क्रमांक ३२. म्हणून मी 'कोरं अक्षर' म्हणतो.

कोरी अक्षरंही एकाच जातीची नसतात. 'नॉन-ब्रेकिंग स्पेस' घ्या, क्रमांक १६०. '२ एकर' लिहिताना २ ओळीच्या शेवटी आणि एकर खालच्या ओळीत जाऊ नये म्हणून ती वापरतात. तिला 'अतूट स्पेस' म्हणावं. दिसायला साध्या स्पेससारखीच, पण वेब पानावरून यादी उचलली की सोबत येते आणि एक्सेलचं ट्रिम (जास्तीच्या स्पेस काढणारं सूत्र) तिला हात लावत नाही. वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-८ दाबलं की साधी स्पेस ठिपका होते आणि अतूट स्पेस अंशाच्या खुणेसारखं बारीक वर्तुळ. लिब्रेऑफिसमध्ये ती करड्या पट्टीवर दिसते.

तुमच्या पऱ्हाटीचा घोळ मात्र स्पेसचा नाहीच, म्हणून ठिपक्यांनी काम झालं नाही. हा अर्धा 'र' दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, 'ऱ' हे वेगळं अक्षर (क्रमांक २३५३), मग हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर हा 'ऱ' शिफ्ट-जे दाबून येतो. दुसरी, साधा 'र' (२३५२), हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा 'जॉइनर' (८२०५), म्हणजे अक्षरं जुळवणारी न दिसणारी खूण. पऱ्हाटी आणि पर्‍हाटी, ही दोन्ही रूपं इथंच लिहिली आहेत; उचलून तुमच्या एडिटरमध्ये ठेवा आणि शेवटून बॅकस्पेस मारत मोजा. बहुतेक ठिकाणी दुसऱ्याला एक दाब जास्त लागेल. तुमच्यापैकी एकाचा कीबोर्ड पहिलं देतो, दुसऱ्याचा दुसरं.

वऱ्हाड, पऱ्हाटी, धुऱ्यावर, गोऱ्हा. आपल्या भागाचं नाव, पीक, बांध, जनावर, सगळ्यांत हा अर्धा 'र' आहे. म्हणून हे नीट व्हावं असं मला मनापासून वाटतं.

दाखवायचं कसं? फाईलची नक्कल करा. नकलेत जॉइनर शोधून त्याच्या जागी [जो] टाका. मग 'पर्[जो]हाटी' असं उघडं दिसेल. मोजणी झाली की मूळ फाईलमध्ये 'र, हलन्त, जॉइनर' हा तिहेरी तुकडा 'ऱ, हलन्त'ने बदला.

एक मात्र करू नका. 'अदृश्य अक्षरं काढून टाका' असं सरसकट बटण असतं, ते दाबू नका. नुसता जॉइनर काढला की र चा रफार होतो. आचाऱ्याला बोलावलं होतं, तिथं आचार्याला बोलावलं होईल. एक भंडाऱ्याचा स्वयंपाक करणारा, दुसरा मठातला.

प्रतिसाद

'धुरा' आपल्याला लगेच समजतो, पण पुण्याकडं धुरा म्हणजे जोखड, नेतृत्वाची धुरा. तिथला वाचक अडखळेल. आणि जॉइनरला काय म्हणायचं? तो तर कोराही नाही, त्याला रुंदीच नाही.

प्रतिसाद

बरोबर आहे ताई. पारिभाषिक शब्द म्हणून 'धुरा' नको, समजावताना राहू द्या. जॉइनरला 'सांधा' म्हणू. तो जागा घेत नाही, फक्त दोन अक्षरं कशी जुळावीत ते सांगतो. मग मेनूत दोन ओळी याव्यात: 'कोरी अक्षरं दाखवा' आणि 'सांधे दाखवा'. एकाच नावाखाली दोन्ही घातले की माणूस ठिपके पाहून समजतो, सगळं दिसलं.

विचारणाऱ्याकडून

सातही पऱ्हाट्या सापडल्या, तिघींत सांधा होता. नकलेत आणखी एक कळलं: दोन ठिकाणी 'गोर्हा' झालं आहे, म्हणजे आधीच कोणी तरी सांधे पुसले होते. तिथं शोधायला खूणच उरली नाही. आता छापील वहीशी ताडून ते हातानं दुरुस्त करतो आहोत.